सर्व दात काढून कवळी बसवण्यापूर्वी कोणती तयारी करावी?

सायंतारा (प्रश्न)

नमस्कार. माझे वय ६१ वर्षे आहे. हिरड्यांचा आजार गेली अनेक वर्षे हळूहळू वाढत गेला, आणि दुखणे थांबले की मी उपचारही थांबवत आले. त्याचा परिणाम आता समोर उभा आहे. वरच्या जबड्यात नऊ दात उरले असून त्यांतले बहुतेक जिभेने ढकलले तरी हलतात. खाली समोरचे सहा दात आणि उजवीकडची एक दाढ आहे. गेल्या आठवड्यात दोन्ही जबड्यांचा एक्स-रे पाहून दंतवैद्यांनी सर्व सोळा दात काढावेत आणि वर-खाली पूर्ण कवळी बसवावी, असा सल्ला दिला. निर्णय कळवण्यासाठी माझ्याकडे तीन आठवडे आहेत.

त्यांनी दोन मार्ग सांगितले. पहिल्या मार्गात दात काढण्याआधीच मापे घेऊन कवळी तयार ठेवतात आणि दात काढल्यावर त्याच बैठकीत ती तोंडात बसवतात. दुसऱ्या मार्गात दात काढून दोन-तीन महिने थांबायचे, हिरड्या पूर्ण भरून आल्या की मगच मापे घ्यायची. दोन-तीन महिने दातांशिवाय राहण्याची कल्पना मला सहन होत नाही, परंतु केवळ लाजेपोटी चुकीचा मार्ग निवडला जाऊ नये असेही वाटते.

मी दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तके वाचून ध्वनिमुद्रित करते. हे काम माझ्यासाठी फार मोलाचे आहे, त्यामुळे उच्चारांची चिंता मला दुखण्याच्या चिंतेपेक्षा अधिक आहे. प्रकृतीबद्दल सांगायचे तर अकरा वर्षांपासून मधुमेह आहे आणि तो गोळ्यांवर आटोक्यात आहे. रक्तदाबाची एक गोळी रोज आणि हाडे ठिसूळ झाल्यामुळे पाच वर्षांपासून आठवड्यातून एक गोळी, एवढीच औषधे चालू आहेत.

ज्यांनी हे सर्व अनुभवले आहे किंवा जे या क्षेत्रात काम करतात, त्यांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती. दात काढण्यापूर्वी मी काय तयारी करावी, दोहोंपैकी कोणता मार्ग निवडावा, आणि पुढच्या भेटीत दंतवैद्यांना नेमके काय विचारावे?

जुना_वाटसरू

ताई, मी ७१ वर्षांचा आहे आणि नऊ वर्षांपासून दोन्ही कवळ्या वापरतो. मी पहिला मार्ग निवडला होता. त्याचा पश्चात्ताप नाही, पण त्या वेळी कोणी नीट सांगितले असते तर बरे झाले असते अशा काही गोष्टी आहेत, त्या येथे लिहितो.

दात काढताना दुखत नाही, हे मनात पक्के धरा. भूल दिल्यावर दाब जाणवतो, खेचल्याची जाणीव होते आणि हाडातून करकर असा आवाज कानापर्यंत येतो. त्या आवाजाने मी घाबरलो होतो, दुखण्याने नव्हे. भुलेचा परिणाम दोन ते चार तास राहतो, म्हणून वेदनाशामक गोळी भूल उतरण्याची वाट न पाहता, डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळी घ्यावी. बरोबर कोणीतरी असावे. ओठ आणि जीभ बधिर असताना सूचना ऐकल्या तरी लक्षात राहत नाहीत, म्हणून त्या लेखी मागून घ्याव्यात.

आता माझी चूक सांगतो. तात्काळ बसवलेली कवळी पहिले २४ तास काढायची नाही, असे मला स्पष्ट सांगितले होते. ती कवळी जखमेवर पट्टीसारखी दाब देते, त्यामुळे रक्तस्राव आणि सूज दोन्ही आटोक्यात राहतात. परंतु रात्री साडेअकराच्या सुमारास डावीकडे इतके रुतू लागले की मी आरशासमोर उभा राहून खालची कवळी काढली, मीठ-पाण्याच्या पेल्यात ठेवली आणि झोपलो. सकाळी हिरडी इतकी सुजली होती की कवळी जागेवर बसेना. दाबून बसवण्याचा प्रयत्न केला तेव्हा एक टाका ओढला गेला आणि पुन्हा रक्त आले. त्यानंतर सूज उतरेपर्यंत सहा दिवस मी वर दात आणि खाली काही नाही अशा अवस्थेत काढले. म्हणून कितीही रुतले तरी पहिल्या रात्री ती आपल्या हाताने काढू नका. दुसऱ्या दिवशीची भेट आधीच ठरवून ठेवा आणि ती डॉक्टरांनाच काढू द्या. ते रुतणारी जागा घासून देतात आणि पाच मिनिटांत आराम पडतो.

दुसरे असे की तात्काळ कवळी ही काही काळापुरतीच घट्ट असते. माझी वरची कवळी सहाव्या आठवड्यात बोलताना सुटू लागली. कवळीत दोष नव्हता, तिच्याखालची हिरडी आणि हाड आत बसत चालले होते. आतून मऊ अस्तर दोनदा लावून घ्यावे लागले आणि आठ महिन्यांनी कायमचे अस्तर झाले. हा सगळा वेळ आणि खर्च पहिल्याच दिवशी विचारून हिशेबात धरावा, म्हणजे नंतर फसवणूक झाल्यासारखे वाटत नाही.

घरात काय तयारी करावी? कापसाच्या बोळ्याऐवजी निर्जंतुक गॉजच्या घड्या आणाव्यात, एक जास्तीची उशी ठेवावी, कारण डोके उंच ठेवून झोपल्याने सूज कमी राहते, आणि न चावता गिळता येईल असे मऊ अन्न चार-पाच दिवसांचे योजून ठेवावे. बाकी औषधांबद्दल जाणकारांनी सांगावे. तो माझा विषय नाही.

कृत्रिम_दंतवैद्य

मी कृत्रिम दंतशास्त्रात काम करतो. तुमचे तोंड तपासल्याशिवाय मी निर्णय देऊ शकत नाही, परंतु तुमच्या प्रश्नात शेवटी सहज लिहिलेल्या एका वाक्यावर मी थांबलो आणि सर्वप्रथम त्याबद्दलच लिहितो.

हाडे ठिसूळ झाल्यामुळे आठवड्यातून एक गोळी, तीही पाच वर्षांपासून. ती ॲलेंड्रोनेट किंवा त्याच गटातील औषध असण्याची शक्यता मोठी आहे. ही औषधे हाडाची झीज थांबवतात, पण त्याचबरोबर हाडाची जुने काढून नवे घालण्याची प्रक्रियाही मंदावते. दात काढल्यावर जी पोकळी राहते ती भरण्यासाठी जबड्याला नेमकी हीच प्रक्रिया लागते. त्यामुळे अशा काही रुग्णांत दात काढलेली जागा भरून येत नाही आणि जबड्याचे हाड आठ आठवड्यांहून अधिक काळ उघडे राहते. मी तुम्हाला घाबरवत नाही: हाडांच्या ठिसूळपणासाठी तोंडावाटे गोळी घेणाऱ्यांमध्ये हा धोका एक टक्क्याच्याही बराच खाली आहे. परंतु औषध चार वर्षांपेक्षा अधिक काळ चालू असेल, बरोबर मधुमेह असेल आणि एकदम सोळा दात काढायचे असतील, तर तो धोका विचारात घेऊनच योजना आखली पाहिजे. तुमच्या दंतवैद्यांना ही गोळी ठाऊक आहे का? रुग्ण मधुमेह आणि रक्तदाब आवर्जून सांगतात, पण आठवड्याची गोळी किंवा सहा महिन्यांनी घेतले जाणारे इंजेक्शन हे 'हाडांचे' औषध म्हणून दाताशी संबंधित वाटत नाही आणि सांगायचे राहून जाते. हे मी वारंवार पाहिले आहे. औषधाच्या पाकिटाचे छायाचित्र घेऊन जा. गोळी स्वतःहून बंद मात्र करू नका. ती थांबवायची की नाही, हे गोळी लिहून देणारे डॉक्टर आणि दंतवैद्य यांनी मिळून ठरवायचे आहे. कोणाला जबड्यावर किरणोपचार झाले असतील तर तेही असेच आधी सांगायला हवे, कारण त्या हाडाचा रक्तपुरवठा कमी झालेला असतो.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी एक जोड: रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनीही ती आपल्या मनाने सोडू नयेत. बहुतेक वेळा दात काढण्यासाठी ती बंद करावी लागत नाहीत. टाके, दाब आणि जागेवर ठेवायच्या औषधाने रक्त थांबवता येते. औषध बंद केल्याने होणारी गुठळी हा दातातून येणाऱ्या रक्तापेक्षा कितीतरी मोठा धोका आहे. वॉर्फरिन घेणाऱ्यांची आयएनआर ही रक्तचाचणी दात काढण्याच्या एक ते तीन दिवस आधी केलेली असावी.

मधुमेहाबद्दल: गेल्या तीन महिन्यांतील साखरेची सरासरी सांगणारी रक्तचाचणी करून घ्या आणि शक्यतो सकाळची वेळ मागा. केवळ जागेवर भूल देऊन दात काढताना उपाशी राहायचे नसते. नेहमीचा नाश्ता आणि नेहमीच्या गोळ्या घेऊनच या. उपाशी आलेल्या मधुमेही रुग्णाची साखर खुर्चीत बसल्याबसल्या उतरते आणि रुग्णाला घाम फुटतो, तो भीतीचा घाम समजला जातो. गुंगीचे औषध देणार असतील तर मात्र उपाशी राहण्याचे नियम वेगळे असतात, ते त्यांनाच विचारावेत.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. तुम्ही 'एकदम की थांबून' असे दोनच मार्ग लिहिले आहेत. माझ्या मते त्याआधी एक प्रश्न विचारायला हवा: सगळे सोळा दात काढणे खरोखर आवश्यक आहे का? विशेषतः खालचे दोन सुळे.

खालच्या कवळीचा प्रश्न वरच्या कवळीपेक्षा अगदी वेगळा असतो. वरची कवळी संपूर्ण टाळू झाकते. तिच्या आणि टाळूच्या मध्ये लाळेचा पातळ थर राहतो, कडा चोहोबाजूंनी बंद होतात, आणि ती ओढ धरून राहते. खाली तशी जागाच नाही. घोड्याच्या नालेसारखी अरुंद पट्टी, एका बाजूला गाल आणि ओठ, दुसऱ्या बाजूला सतत हलणारी जीभ. शिवाय दात काढल्यानंतर हाड दोन्ही जबड्यांत झिजते, पहिल्या काही महिन्यांत सर्वांत वेगाने आणि नंतर आयुष्यभर हळूहळू. परंतु दीर्घकाळ पाहिले तर खालच्या जबड्याची उंची वरच्याच्या सुमारे चौपट कमी होते. वरच्या कवळीबद्दल माझ्याकडे क्वचितच कोणी दुसऱ्यांदा तक्रार घेऊन येते. खालच्या कवळीबद्दल लोक वर्षानुवर्षे येतात.

दाताचे मूळ हाडात असते तोपर्यंत त्याभोवतीचे हाड टिकून राहते. म्हणून सुळ्यांच्या मुळांना निम्म्याच्या आसपास तरी हाडाचा आधार शिल्लक असेल, तर ते न काढता त्यांचे रूट कॅनॉल करून, वरचा भाग हिरडीच्या वर दोन-तीन मिलिमीटर उरेल इतका कापून घुमटासारखा गोल करता येतो आणि त्यावर कवळी बसवता येते. दात हलतो म्हणून हे अशक्यच आहे असे नाही. लांब काठी हलवणे सोपे असते आणि तिचाच खुंट हलवणे अवघड असते, तसे दात कापल्यावर त्याच्यावरचा ताण कमी होऊन थोडा हलणारा सुळा पुष्कळदा स्थिर होतो. यात तुमचा आणखी एक फायदा आहे. मुळाभोवतीच्या तंतूंमधून चावण्याचा दाब मेंदूला कळत राहतो, आणि पूर्ण कवळीत ही जाणीवच नाहीशी होते. आणि तुमच्या हाडांच्या गोळीच्या दृष्टीने पाहिले तर जो दात काढलाच नाही त्याची जखम भरून येण्याची चिंताही नाही.

या पर्यायाची अटही तितकीच स्पष्ट सांगतो. कवळीखाली झाकलेली मुळे फार लवकर किडतात. रोज दोन वेळा ती घासून, डॉक्टरांनी दिलेला फ्लोराइडचा लेप लावून, रात्री कवळी काढून ठेवून आणि वर्षातून दोनदा तपासून घेऊनच ती टिकतात. दुखणे थांबले की उपचार थांबवायचे, ही सवय तुम्ही स्वतःच लिहिली आहे. ती बदलणार असाल तरच हा मार्ग घ्यावा.

सुळे राखणे शक्य नसेल तर खालच्या जबड्यात पुढे दोन इम्प्लांट (हाडात बसवायचे कृत्रिम खुंट) बसवून त्यांवर अडकणारी कवळी हा पर्याय आहे. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात २००२ साली झालेल्या तज्ज्ञांच्या बैठकीने, ज्यांच्या खालच्या जबड्यात एकही दात नाही त्यांच्यासाठी हीच पहिली निवड असावी, असे मत मांडले होते. तुमच्या औषधामुळे इम्प्लांटचा विचारही त्याच काळजीने करावा लागेल.

शेवटी टप्प्यांबद्दल. आधी मागचे दात काढायचे, सहा ते आठ आठवडे थांबायचे, तोवर समोरचे दात तसेच ठेवायचे, आणि नंतर समोरचे दात काढून त्याच दिवशी कवळी बसवायची, अशीही पद्धत आहे. चेहऱ्यात एक दिवसही पोकळी दिसत नाही, मागची हिरडी भरून आल्यामुळे कवळीला आधार मिळतो, आणि पहिल्या छोट्या टप्प्यात तुमचे हाड कसे भरून येते हे पाहूनच पुढचे पाऊल टाकता येते. तुमच्या बाबतीत हा शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

मेण_आणि_साचा

मी गेली २२ वर्षे दंतप्रयोगशाळेत कवळ्या बनवतो. रुग्णाला आम्ही दिसत नाही, म्हणून आमच्या बाजूने दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

तात्काळ कवळी बनवताना माझ्यासमोर तुमच्या तोंडाचा प्लास्टरचा साचा असतो आणि त्यावर तुमचे दात असतात. ते दात मी एकेक करून छोट्या करवतीने कापतो आणि दात निघाल्यावर हिरडी कशी बसेल, याचा अंदाज घेत प्लास्टर खरवडतो. म्हणजे ज्या हिरडीवर कवळी बसायची आहे ती अजून अस्तित्वातच नसते. चांगला कारागीरही येथे अंदाजच करतो. त्यामुळे तात्काळ कवळी पहिल्या दिवशी थोडी कमी-जास्त बसली तर कोणाचे तरी चुकले, असे लगेच समजू नये. आणि समोरचे दात तोंडात असल्यामुळे ते कसे दिसतील हे आधी लावून पाहता येत नाही, हेही लक्षात ठेवावे.

कायमच्या कवळीत मात्र तुमच्या हातात एक फार मोलाची भेट असते. मापे झाली, मेणाच्या कडांवर चावा घेतला गेला, की मी दात मेणात रचून पाठवतो. त्या भेटीत कवळी गुलाबी मेणाची असते आणि एखादा दात केसभर मागे घ्यायचा, मधली रेघ सरकवायची, उंची कमी करायची असेल तर पाच मिनिटांचे काम असते. एकदा का तुम्ही होकार दिला की मेण वितळवून काढले जाते, त्या पोकळीत ॲक्रिलिक भरले जाते आणि साचा गरम पाण्यात ठेवून ते पक्के केले जाते. मग दात हलत नाहीत. असे असूनही बहुतेक लोक संकोचाने आरशात एक नजर टाकतात आणि 'ठीक आहे' म्हणतात. तुम्ही तसे करू नका. खिडकीच्या उजेडात पाहा, घरचे कोणी बरोबर न्या, आणि तुम्ही तर वाचनाचे काम करता, म्हणून एक छापील पान बरोबर नेऊन ते मेणाचे दात लावूनच मोठ्याने वाचा. 'स' म्हणताना वरचे-खालचे दात एकमेकांवर आपटत असतील तर उंची जास्त झाली आहे, हे तेथल्या तेथे कळते.

दुसरी गोष्ट म्हणजे दात काढण्यापूर्वी स्वतःची छायाचित्रे काढून ठेवा: समोरून, बाजूने, हसताना आणि ओठ मिटून. दात चांगले होते त्या काळातले एखादे जुने छायाचित्र सापडले तर त्याहून चांगले. माझ्याकडे कागदावर फक्त रंगाचा क्रमांक येतो. चेहरा येत नाही. एका बाईंनी पस्तीस वर्षांपूर्वीचे हसरे छायाचित्र पाठवले होते, त्यात समोरचा एक दात दुसऱ्यावर किंचित चढलेला होता. तो तसाच रचला. मेणाची कवळी लावून त्यांनी आरशात पाहिले तेव्हा त्यांना रडू आले, असे नंतर त्यांच्या दंतवैद्यांनी मला कळवले.

सायंतारा

सर्वांचे मनापासून आभार. तुमची उत्तरे वाचून मी दुसऱ्याच दिवशी गोळीचे पाकीट घेऊन दंतवैद्यांकडे गेले. ती ॲलेंड्रोनेटच आहे, आणि मी भरून दिलेल्या माहितीपत्रकात तिचा उल्लेख नव्हता. त्या पत्रकात 'सध्या चालू असलेली औषधे' असा रकाना होता आणि मी तेथे दोनच नावे लिहिली होती. त्यांनी माझ्यासमोरच हाडांच्या डॉक्टरांना दूरध्वनी केला.

ठरलेली योजना अशी आहे: आधी वरच्या मागच्या चार दाढा आणि खालची एक दाढ काढायची, आठ आठवडे जखमा कशा भरतात ते पाहायचे, आणि नंतर वरचे उरलेले पाच काढून वरची कवळी त्याच दिवशी बसवायची. खालचे मधले चार दात तेव्हाच निघतील. सुळ्यांचे छोटे एक्स-रे पुन्हा काढले. डाव्या सुळ्याला चांगला आधार आहे, उजव्याचा थोडा कमी आहे, पण दोन्ही राखून पाहू असे दंतवैद्य म्हणाल्या.

आता उच्चारांबद्दल कोणी सांगू शकेल का? किती दिवसांनी मी पुन्हा वाचनाला बसू शकेन?

शब्दपारखी

मी वाचा-उपचाराचे काम करते, म्हणून एवढेच उत्तर देते. वरची कवळी बसली की टाळू दोन मिलिमीटरच्या आसपास जाड होतो, आणि जिभेला जन्मभर ठाऊक असलेली जागा अचानक खाली येते. पहिले काही दिवस लाळही जास्त सुटते, कारण तोंड त्या वस्तूला अन्न समजते. या दोन्ही गोष्टी आपोआप कमी होतात. साध्या बोलण्याला बहुतेकांना दोन ते चार आठवडे पुरतात. ध्वनिमुद्रणासाठी मात्र त्याहून अधिक वेळ हाताशी ठेवावा.

मराठीत जिभेचे टोक दातांपाशी नेऊन उच्चारायचे वर्ण पुष्कळ आहेत. 'त, थ, द, ध' तर आहेतच, पण 'चाक', 'जाळे', 'झाड' यांतले दंततालव्य 'च, ज, झ' हे कवळीधारकांना सर्वांत उशिरा वश होतात. 'चिमणी' आणि 'जीभ' यांतले तालव्य उच्चार लवकर जमतात. 'फ' आणि 'व' म्हणताना वरच्या दातांची कड खालच्या ओठाला लागते, म्हणून ते बिघडले तर समोरच्या दातांची लांबी किंवा जागा तपासायला सांगावी. 'स' मध्ये शिट्टी येत राहिली तर केवळ सरावावर विसंबू नये. समोरच्या दातांमागची, टाळूवरची जाडी थोडी कमी-अधिक करून ती जाते.

सराव आत्ताच सुरू करा. दात असताना आपल्या आवाजात दोन पाने वाचून ध्वनिमुद्रण जपून ठेवा. कवळी बसल्यावर तीच दोन पाने रोज दहा मिनिटे, मुद्दाम सावकाश, मोठ्याने वाचा आणि दोन्ही ऐकून तुलना करा. जांभई दिल्यासारखे तोंड फार उघडले की वरची कवळी सुटते, हेही या सरावातच कळेल.

कृत्रिम_दंतवैद्य

योजना वाचून समाधान वाटले. पहिल्या टप्प्यासाठी थोडक्यात: गॉज अर्धा ते पाऊण तास घट्ट चावून धरा आणि सारखा काढून पाहू नका, कारण दर वेळी नवी बसलेली गुठळी उचकटते. पहिले २४ तास चूळ भरणे, जोराने थुंकणे आणि नळीने पिणे वर्ज्य आहे. लाळ गुलाबी दिसली तरी तो रक्तस्राव नव्हे. २४ तासांनंतर कोमट मीठ-पाणी तोंडात घेऊन नुसते डोके कलते करायचे, खळखळायचे नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुखणे कमी होण्याऐवजी वाढले, कानापर्यंत कळ जाऊ लागली आणि तोंडाला दुर्गंधी आली, तर गुठळी निघून हाड उघडे पडलेले असते. ते घरी बरे करण्याच्या नादी लागू नये. जागा धुऊन औषध भरल्यावर लवकर आराम पडतो. धूम्रपान करणाऱ्यांत हे अधिक आढळते. गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होणे, ताप येणे, सूज डोळ्याकडे किंवा गळ्याकडे पसरणे, यांपैकी काहीही झाले तर पुढच्या भेटीची वाट पाहू नये.

तुमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. काढलेल्या जागी जिभेला टोकदार, खरखरीत काही लागत राहिले तर ते 'दाताचा कण' म्हणून सोडून देऊ नका; दाखवून घ्या.

जुना_वाटसरू

ताई, कवळी आल्यावरचे थोडे. ती पाण्याने भरलेल्या बेसिनवर किंवा खाली टॉवेल पसरून धुवावी. माझी पहिली कवळी ओल्या हातातून निसटून फरशीवर पडली आणि तिचे दोन तुकडे झाले. उकळते पाणी वापरू नये, तिचा आकार बदलतो. दातांच्या पेस्टने पृष्ठभागावर बारीक ओरखडे पडतात, म्हणून साधा साबण आणि मऊ ब्रश बरा. आणि पहिले दिवस सरले की रात्री ती काढून पाण्यात ठेवावी. मी चार वर्षे रात्रंदिवस लावून झोपत होतो, तेव्हा टाळू लाल भडक होऊन बुरशी झाली होती. चावताना घास लहान घ्यावा आणि दोन्ही बाजूंना वाटून चावावा. समोरच्या दातांनी तोडायला गेले की कवळी मागून उचलली जाते.

सायंतारा

सोळा आठवड्यांनी लिहीत आहे. पहिल्या टप्प्याच्या जखमा भरायला सांगितल्यापेक्षा आठवडाभर जास्त लागला, पण भरल्या. दुसऱ्या टप्प्याच्या दिवशी सकाळी मी नाश्ता करून गेले. नऊ दात निघाले. खालच्या दोन सुळ्यांचे आता वाटाण्याएवढे गुळगुळीत उंचवटे उरले आहेत आणि रात्री खालची कवळी काढून ते घासताना जिभेला ते स्वतःचे वाटतात. पहिल्या रात्री वरची कवळी उजवीकडे फार रुतली. मी हे पान उघडून 'जुना वाटसरू' यांचे उत्तर पुन्हा वाचले आणि ती काढली नाही.

वरच्या कवळीला कालच पहिले मऊ अस्तर लावले. 'स' ची शिट्टी अजून येते. मात्र काल रात्री मी सहाव्या इयत्तेच्या भूगोलाचे एक पान वाचून जुन्या ध्वनिमुद्रणाशेजारी ठेवून ऐकले, तेव्हा 'चंद्र' नीट आला आणि 'झरा' आला नाही. पुढच्या भेटीत समोरच्या दातांमागची जाडी तपासायला सांगणार आहे.